पारावर न येणारा म्हातारा

गोठ्यातल्या बैलाने दोन वेळा कुटाराला तोंड लावले नाही तर तुम्ही काय करता? कान धरून अंग तापले आहे का ते पाहता, शेजाऱ्याला हाक मारता आणि सायंकाळपर्यंत फरक पडला नाही तर जनावरांच्या डॉक्टरला फोन लावता. काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार असेल तर झाडाचे पान हिरवेगार असतानाच बुंध्याशी वाकून डिंक्या लागला नाही ना, हे पाहतो आणि बोर्डो मलमाचा डबा घेऊन बसतो. आता घरातले सांगा. ओसरीतल्या खाटेवरचे आबाजी महिन्याभरापासून अर्धी भाकर ताटात टाकून उठतात. पहाटे तीनला जागे होऊन आढ्याकडे पाहत पडतात. पूर्वी सायंकाळ झाली की काठी टेकत पारावर जायचे, आता जात नाहीत. कोणी विचारले तर म्हणतात, "काई नाई गा, वय झालं आता." आणि आपणही मान डोलावतो. खरेच, वय झाले!

शेतकरी बंधूंनो, वय झाले म्हणजे गुडघे दुखतात, दात पडतात, कानाने कमी ऐकू येते. पण वय झाले म्हणून माणसाचे जगण्यावरून मन उडत नाही. तसे ते उडाले, पंधरा दिवस-महिना उडालेलेच राहिले, खाणे-झोपणे बिघडले, तर तो आजार आहे. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात, वर्तमानपत्रे नैराश्य म्हणतात, आणि आपल्याकडची बाया-माणसे म्हणतात, "त्याच्या डोक्शात लई इचार हाय." तिन्ही शब्द एकाच दुखण्याचे. औषधोपचाराने आणि माणसांच्या आधाराने ते बरे होते, म्हातारपणीही बरे होते, हे आधी ध्यानात घ्या. कारण आज जे सांगायचे आहे ते पुढचे आहे. या माणसापर्यंत पहिल्यांदा कोणी पोचायचे? आमचे म्हणणे असे की डॉक्टरच्या आधी, मुलाच्या आधी आणि आशाताईच्याही आधी त्याच्यापर्यंत त्याच्याच वयाच्या माणसाने पोचायला हवे, आणि ही गोष्ट नशिबावर न सोडता ग्रामपंचायतीने ठरवून घडवून आणायला हवी.

आधी गावात असे किती जण असतील, याचा अंदाज घेऊ. केंद्र सरकारने २०१७-१८ मध्ये वयस्कांची मोठी देशव्यापी पाहणी करवली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. साठीच्या पुढच्या शंभर माणसांत आठांहून थोडे अधिक, नेमके ८.३ टक्के, डिप्रेशनच्या लक्षणांत बसत होते. पण "मला डॉक्टरने हा आजार आहे असे सांगितले" असे म्हणणारे एक टक्काही नव्हते, ०.८ टक्केच होते. म्हणजे दहांतल्या नऊ जणांच्या आजाराला नावच मिळालेले नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात साठीच्या पुढची माणसे सुमारे दहा टक्के होती. त्या हिशेबाने दोन हजार वस्तीच्या गावात दोनशे म्हातारी माणसे आणि त्यांत सोळा-सतरा जण या दुखण्यातले. सरपंचसाहेब, तुमच्या गावातले सोळा जण कोण, हे तुम्हाला सांगता येईल का? गावात किती हातपंप बंद आहेत हे तुम्ही झोपेतही सांगाल.

हे दुखणे ओळखता येत नाही, याचे एक कारण आहे. तरुण माणूस "उदास वाटते" असे म्हणतो. म्हातारा तसे म्हणत नाही. तो पोट साफ होत नाही म्हणतो, अंगातून कळा निघतात म्हणतो, छातीत धडधडते म्हणतो. गावच्या डॉक्टरकडे आठवड्याला एक सलाईन लावून घेतो आणि दोन दिवस बरे वाटल्यासारखे करतो. कोणी फार चिडका होतो, कोणी विसरायला लागतो आणि घरचे समजतात, बुढ्याला भ्रम झाला. उलटही होते. थायरॉईड बिघडलेले असते, बी-१२ कमी झालेले असते, साखर वाढलेली असते, आणि तेच मन मंदावल्यासारखे दिसते. म्हणून तपासणी लागतेच, ती टाळून चालत नाही. पण तपासणीला जायला माणसाने खाटेवरून उठायला तर हवे!

आपल्या जिल्ह्यात या आजाराला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. पोरगा बुटीबोरीला कंपनीत किंवा पुण्याला, नातवंडे तिकडच्या शाळेत, आणि घरात दोन म्हातारी माणसे, त्यांतलेही एक गेले की दुसरे एकटे. हे तर घरोघरचे झाले. याहून एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वाटणी होते, सातबाऱ्यावरून बापाचे नाव कमी होऊन मुलांची नावे चढतात. व्यवहाराने ते बरोबरच असते. पण ज्या माणसाने पन्नास वर्षे पेरणी कधी करायची हे ठरवले, त्याला त्या वर्षीच्या मृगात कोणी विचारतही नाही. कापूस लावला की सोयाबीन, हे त्याला धुऱ्यावर गेल्यावर कळते. नोकरदाराला निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ तरी मिळतो. शेतकऱ्याची निवृत्ती अशी मुकाट्याने होते, आणि ती झाली हे त्याला स्वतःलाच सर्वांत शेवटी समजते.

कुही-भिवापूरकडची गोष्ट आणखी वेगळी. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि पुढे पाणी चढत गेले तशी गावे उठली. मोबदल्याच्या रकमेवर खूप भांडणे झाली, मोर्चे निघाले, आणि ते रास्तच होते. पण पुनर्वसनाच्या सरळ रेघेतल्या प्लॉटांत जुन्या गल्लीतले शेजारी शेजारी राहिले नाहीत, पार आणि पिंपळ मागेच राहिला, याचा मोबदला कोणत्या रकान्यात भरायचा? तरुणांनी नव्या गावात नवी बैठक बसवली. म्हाताऱ्यांची बसली नाही. ज्याचा बालपणीचा सोबती आता चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या वसाहतीत आहे आणि दोघांचेही गुडघे गेलेले आहेत, त्यांची भेट आता कोणाच्या तरी लग्नात नाहीतर मयतीत.

बरे, मग डॉक्टर? नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालापासून आहे. दीडशे वर्षांहून जुनी ही संस्था. पण तिकडच्या चौकाला लोक पागलखाना चौक म्हणत आले, आणि त्या एका शब्दाने जेवढे रोगी दारातून परत फिरवले असतील तेवढे खाटांच्या कमतरतेनेही फिरवले नसतील. आज त्याच रुग्णालयात भरती न होता बाह्यरुग्ण विभागात तपासून, गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येता येते. मेडिकललाही मानसोपचाराचा विभाग आहे. हे गावात किती जणांना ठाऊक आहे? आणि ठाऊक असले तरी मुलाने "चला बाबा, डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊ" म्हटले की बाप म्हणतो, "म्हंजे मले पागल समजते का तू?" सून म्हणाली तर प्रश्नच मिटला.

इथे त्याच्या वयाच्या माणसाची गरज लागते. मुलापुढे बाप रडत नाही. मुलगा कर्जात आहे हे त्याला माहीत असते. कायले त्याले तरास, असे म्हणून तो गप्प बसतो. डॉक्टरपुढे वेळ नसतो. आशाताई सुनेच्या वयाची. पण ज्याच्यासोबत आपण बैलबंडी हाकली, ज्याची बायको आपल्या बायकोच्या मागेपुढेच वारली, ज्याने स्वतः दोन वर्षांपूर्वी अशीच खाट धरली होती आणि जो आता पुन्हा सकाळी फिरताना दिसतो, त्याने खाटेशी बसून नुसते एवढे म्हटले, "मलेबी असंच झालं होतं बाप्पा, सकाळ नको वाटे," की जे मुलापुढे सहा महिन्यांत निघाले नाही ते दहा मिनिटांत निघते. हे काही नवे शास्त्र नाही. पण यातले किती खरे आणि किती भाबडे, हे तपासून पाहिलेल्या लोकांचे काम आपल्यापुढे आहे, ते पाहून मग पुढे जाऊ.

सर्वांत जवळचे उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. तिथे तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचे त्याला तांत्रिक साहाय्य होते. गावातलीच माणसे शिकवून तयार केली, त्यांनी घरोघर बोलणे सुरू केले, त्यांच्यावर समुपदेशक आणि गरजेपुरता मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कोणत्याही मदतीपर्यंत पोचत होते (४.३ टक्के). दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झाले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले. नाशिक जिल्ह्याच्या पेठ भागातही २०१३ ते २०१५ मध्ये ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचे काम झाले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने ते उभे केले, आणि गावातलेच स्वयंसेवक ऐकणारे झाले. तेच काम पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेले आणि बरेच वाढले. महाराष्ट्रातली कल्पना गुजरातने उचलून मोठी केली, यावर वेगळे काही लिहायला नको.

हे दोन्ही प्रकल्प सर्व वयांसाठी होते. खास म्हाताऱ्यांसाठीचे काम गोव्यात झाले. साठीच्या पुढची १८१ माणसे, ज्यांना आजार पुरता जडलेला नव्हता पण लक्षणे दिसू लागली होती, अशी निवडली. अर्ध्यांकडे डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक जात. ते काय करीत? समोर असलेल्या अडचणीचे तुकडे पाडून एक तुकडा सोडवायला शिकवीत, झोपेची घडी बसवीत, साखर-बीपीची काळजी कशी घ्यायची ते सांगत आणि सरकारी योजनेचा अर्ज भरायला मदत करीत. वर्षभराने नेहमीच्या व्यवस्थेतल्या माणसांत शंभरी चौदा जण आजारात सापडले होते. या गटात चार. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. वाचकांनी नीट पाहावे, यात कुठलाही चमत्कार नाही. झोप, साखर, अर्ज. आपल्या गावात न जमण्यासारखे यातले काय आहे?

आणि एक दूरचे उदाहरण, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात मानसोपचाराचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्या डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याला पैसे नसल्याने दवाखान्यात येऊ शकली नाही आणि तिने जीव दिला. त्यानंतर, २००६ मध्ये, त्यांनी हरारे शहराच्या एका गरीब वस्तीत १४ आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवले. ज्याला मन मोकळे करायचे त्याने आजीशेजारी येऊन बसावे. २०१६ मध्ये या कामाची काटेकोर तपासणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत निम्म्यांना डिप्रेशनची लक्षणे होती, बाकावर येणाऱ्यांत सुमारे १४ टक्क्यांना. तिथे बोलायला येणारे बहुतेक तरुण होते आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्या, हा फरक आहेच. पण तिथल्या शोना भाषेत या आजाराला जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो, फार विचार करणे. आपल्या "लई इचार"चे ते सख्खे भावंड नव्हे काय? आणि बाकाचे म्हणाल तर आपल्याकडे आमदार-खासदार निधीतून दिलेले सिमेंटचे बाक प्रत्येक गावात पडले आहेत, देणाऱ्याच्या नावासकट. बसणारा ठरवणे तेवढे बाकी आहे.

तर आता आपल्या गावचे पाहू. यासाठी नवी समिती, नवा फलक, उद्घाटन यांतले काहीही नको. बहुतेक गावांत गुरुदेव सेवा मंडळ आहे, राष्ट्रसंतांच्या पद्धतीची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना अनेक गावांत अजून चालते. कुठे बुद्ध विहारात वंदनेला मंडळी जमतात, कुठे भजनी मंडळ आहे, कुठे नुसता पारच. जिथे म्हातारी माणसे आपसूक जमतात तिथे रोज उठताना एकच काम करायचे, आज कोण आले नाही हे पाहायचे. सलग आठ दिवस जो आला नाही त्याच्या घरी दोघांनी जायचे. पोळ्याला, मंडईला, लग्नाला जो हटकून दिसायचा तो दिसला नाही, तरी जायचे. एवढ्यानेच सोळांतले दहा तरी सापडतील.

जाणारा माणूस मात्र निवडून घ्यावा लागेल, आणि येथेच गावे चुकतात. जो उत्तम भाषण करतो तो या कामाला सर्वांत निरुपयोगी. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही तोही नको. रोग्याचा भाऊबंद नको, कारण धुऱ्याचा वाद कुठे ना कुठे असतोच. ज्याचे त्याच्याकडे पैसे येणे आहे तो तर अजिबात नको. निवडणुकीत ज्याची गाडी फिरते त्याला सोडून द्या, त्याच्याशी बोलायला अर्धे गाव तयार होणार नाही. निवृत्त गुरुजी चालतील, पण गुरुजींनी शिकवायचे थांबवले पाहिजे. सर्वांत चांगला तो, जो स्वतः या आजारातून गेला आणि ते चारचौघांत सांगायला लाजत नाही. असा एक जरी गावात सापडला तरी त्याचा सन्मान करा. शाल-श्रीफळ देऊ नका, सोबतीचे काम द्या. वस्ती मोठी असेल तर चार-सहा जण लागतील, प्रत्येक मोहल्ल्यातला एक असला तर बरे, आणि निम्म्या बाया असल्याच पाहिजेत.

बायांचे वेगळे सांगायला हवे, कारण पार हा पुरुषांचा. म्हातारी बाई पारावर कधी येतच नव्हती, मग ती आली नाही हे कळणार कसे? तिचे जग म्हणजे चूल, विहीर आणि शेजारीण. चूल सुनेकडे गेली, विहिरीऐवजी दारात नळ आला आणि शेजारीण मालिका पाहत बसली. त्यात ती विधवा असेल तर हळदीकुंकवाला बोलावणे नाही, लग्नात पुढे यायचे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. तुमच्या ग्रामपंचायतीत तो ठराव झाला का, आणि झाला असेल तर त्यानंतरच्या संक्रांतीला किती म्हाताऱ्या विधवांना वाण मिळाले, हे विचारून पाहा. बचत गटाच्या बैठका गावोगाव होतात. त्या दिवशी गटातल्या साठीच्या बायांनी आपापल्या गल्लीतल्या एका एकट्या बाईकडे जाऊन यावे. शेंगा फोडत, तूर निवडत, वाती वळत बाई जेवढे बोलते तेवढे समोरासमोर बसवून विचारले तर बोलत नाही.

गेल्यावर करायचे काय? पहिल्या दोन वेळा आजाराचा विषयच काढू नका. पीकपाण्याचे बोला, जुन्या शंकरपटाचे बोला. तिसऱ्या वेळी झोपेचे विचारा. झोपेचे सांगायला कोणी लाजत नाही आणि झोपेच्या वाटेने मनापर्यंत जाता येते. मग ऐका. मध्येच "आमच्याकडे पाहा, आम्ही नाही का सोसलं" असे म्हणू नका. "देवाचं नाव घ्या, सगळं ठीक होईल" असेही म्हणू नका. देवाचे नाव तो घेतच असतो. "पोरं सोन्यासारखी आहेत, तुम्हाला काय कमी" हे तर मुळीच नको, त्याने माणूस आणखी अपराधी होतो. आठवड्याला एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा. येतो म्हणून न जाणे हे मुळीच न जाण्यापेक्षा वाईट. दर खेपेला एक लहानसे काम दोघांनी मिळून करा. विहिरीपर्यंत चालून या, बियाणे निवडायला बोलवा, गाय पाहायला चला म्हणा. मन लागेल तेव्हा काम करू असे या आजारात म्हणून चालत नाही, कारण मन आपोआप लागत नाही. काम आधी करावे लागते. आणि मुलाला बाजूला घेऊन सांगा, की या मृगात बापाला एकदा तरी विचार, पेरू का?

अडचणी ऐकल्या की त्यांतली एक सुटणारी असते, ती पकडा. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये आधार जुळत नाही म्हणून अडले असतील, हयातीचा दाखला राहिला असेल, ऐकू येत नसेल म्हणून माणूस माणसांतून उठला असेल. चष्मा, श्रवणयंत्र अशा साहित्यासाठी पासष्टीच्या पुढच्या पात्र माणसांना एकरकमी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्याने २०२४ मध्ये आणली. ग्रामसेवकसाहेब (आता तुम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पण सवय जात नाही), हे तुमचे काम. सोबत्याने आणलेला कागद त्याच आठवड्यात पुढे सरकला तर सोबत्याच्या शब्दाला गावात किंमत येईल. तुमच्या टेबलावर महिनाभर पडला तर हे सगळे काम तिथेच मोडेल.

आता धोक्याचे बोलू, आणि ते स्पष्टच बोलावे लागेल. म्हातारा माणूस जिवाचे बरेवाईट करून घेतो तेव्हा गावात चर्चा एक दिवस होते. कर्जबाजारी तरुण शेतकऱ्यासाठी मोर्चा निघतो, म्हाताऱ्यासाठी "सुटला बिचारा" म्हणतात. हा शब्द आपण उच्चारणे बंद केले पाहिजे. "आता माझी गरज नाही", "तुम्हाला माझा भार झाला" असे कोणी वारंवार बोलू लागला, चीजवस्तू वाटू लागला, कोणाकोणाला भेटून निरवानिरव करू लागला, तर सोबत्याने सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात येतो, ही समजूत खोटी आहे, विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर हो आले, तर गुप्ततेचा शब्द तिथे संपला. त्या घडीपासून त्याला एकटे सोडायचे नाही, घरच्यांना सांगायचे, फवारणीचे औषध घरातून हलवून कुलपात ठेवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही आहे. तो क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरपट्टीच्या सूचनेएवढ्याच ठळक अक्षरांत रंगवा. घरात छळ होत असेल, हाकलून दिले असेल, तर ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७ आहे. पोलीस पाटलांनीही एक लक्षात घ्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच मानायचे आहे, त्याच्यावर खटला भरायचा नाही. केसच्या भीतीने रोग्याला दवाखान्यात न नेणाऱ्या घरांना हे तुम्हीच समजावून सांगू शकता.

काही वाचक म्हणतील, हे सगळे सरकारचे काम, ते आम्हा म्हाताऱ्यांच्या गळ्यात का? प्रश्न बरोबर आहे. आम्हालाही भीती हीच वाटते, की सोबती तयार झाले म्हणून डॉक्टरची जागा रिकामी ठेवायला निमित्त मिळेल. सोबती गोळ्या लिहून देऊ शकत नाही, थायरॉईड तपासू शकत नाही. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडायच्या नसतात. ते पाहायला डॉक्टर लागतोच. सरकारने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' आणला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी, म्हणजे मानसिक आरोग्य हे सरकारचे काम आहे हे सरकारलाही मान्य आहे. कागदावर साधनेही आहेत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज आशाताई भरते, त्यात दोन प्रश्न याच आजाराचे आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असे किती दिवस झाले, आणि उदास, निराश वाटले असे किती दिवस झाले. दोन्हींची बेरीज तीनच्या वर गेली तर आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. हे प्रश्न कित्येकदा दारात उभ्या-उभ्या, सुनेदेखत विचारले जातात आणि उत्तरात शून्य भरले जाते. आशाताईचा दोष नाही, तिच्या डोक्यावर कामेच इतकी. सोबत्याने आधी ओळख काढून ठेवली असेल तर तोच अर्ज खरा भरला जाईल. सोबती डॉक्टरच्या जागी नव्हे, डॉक्टरच्या वाटेवर उभा करायचा आहे. आणि पाठवलेला माणूस पाहायला तिकडे कोणी नसेल, तर जिल्हा परिषद सदस्यांना गाठून तक्रार करण्याचे कामही याच म्हाताऱ्यांनी करावे. तुमच्याइतका वेळ आणि तुमच्याइतकी निर्भीडता तरुणांकडे नाही.

सोबत्याचेही मन सांभाळावे लागते, हे सांगायचे राहून जात होते. रोज दुसऱ्याचे दुःख ऐकणारा माणूस स्वतः खचू शकतो, विशेषतः जो पूर्वी त्याच आजारातून गेला आहे. म्हणून महिन्यातून एकदा सर्व सोबत्यांनी आरोग्य मंदिरात एकत्र बसावे, नावे न घेता अडचणी मांडाव्यात. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या माणसाला वर्षातून दोनदा तरी तिथे आणावे. चहापाण्याचा आणि येण्याजाण्याचा खर्च ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या मुक्त निधीतून भागवता येण्यासारखा आहे. हा निधी वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत असतो आणि तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

एसटीचेही ध्यानात ठेवा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, पासष्टीच्या पुढे अर्धे तिकीट, आणि बायांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धे. म्हणजे सोबती आणि रोगी दोघे मिळून रामटेकहून किंवा उमरेडहून मेडिकलला जाऊन आले तरी बसभाड्यावाचून अडण्याचे कारण नाही. आधार कार्ड, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद पिशवीत घ्या. बीपीच्या, झोपेच्या, गुडघ्याच्या गोळ्याही डॉक्टरला दाखवा, काही गोळ्यांनीच मन बसते. मुलाला सोबत न्यायचे की नाही, ते रोग्याला विचारून ठरवा.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. १ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. त्याच्या दुसऱ्याच दिवशीची सभा या विषयाला सोयीची, पण तोवर थांबायलाच हवे असे नाही. विषयपत्रिकेवर एवढेच घ्या: गावातल्या साठीच्या पुढच्या माणसांची वॉर्डवार यादी करणे, त्यांत एकटे राहणाऱ्यांवर खूण करणे, सहा सोबत्यांची निवड, त्यांतल्या तीन बाया, आणि महिन्याच्या बैठकीचा वार ठरवणे. ठरावाची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला, एक पंचायत समितीला. यादी करायला कोतवालासोबत कोणीतरी जुना माणूस द्या, त्याला घरे आणि माणसे दोन्ही माहीत असतात.